आठ मिनिटांचा टी२ मॅप चार मिनिटांत: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

साध्या एमआरआयमध्ये काळ्या-पांढऱ्या छटा दिसतात आणि त्या छटांना कुठलंही एकक नसतं. क्वांटिटेटिव्ह एमआरआयमध्ये प्रत्येक पिक्सेलला आकडा असतो: इथे टी२ (पल्सनंतर सिग्नल किती वेगाने विरतो त्याचं माप) ३८ मिलिसेकंद, शेजारी ५२. हा आकडा एका इमेजमधून निघत नाही. एकाच जागेच्या, वेगवेगळ्या इको टाइमच्या (पल्सपासून सिग्नल वाचेपर्यंतच्या वेळेच्या) अनेक इमेज घ्याव्या लागतात आणि सिग्नल कसा घसरत गेला त्यावर वक्ररेषा बसवावी लागते. वेळ खाल्ला जातो तो इथे.

हा लेख एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट, रेडिऑलॉजीचे रेसिडेंट आणि फिजिक्स-बायोमेडिकलचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. उदाहरण एकच धरू: गुडघ्याच्या कार्टिलेजचा टी२ मॅप. कार्टिलेज झिजायला लागलं की त्यातलं कोलॅजनचं जाळं सैल होतं, पाणी वाढतं आणि टी२ वाढतो. साध्या इमेजमध्ये झीज दिसण्याआधीच हा बदल पकडता येईल, या आशेवर हे मोजमाप केलं जातं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. घाईत काढलेली साधी इमेज बिघडली तर ती डोळ्यांना दिसते. घाईत काढलेला मॅप मात्र देखणा दिसत असतानाच चुकीचा आकडा सांगू शकतो. म्हणून वेळ कापायचा क्रम ठरलेला हवा. ज्याने आकडा हलत नाही ते आधी कापायचं. ज्याने फक्त नॉइज वाढतो ते त्यानंतर. ज्याने आकडाच सरकतो त्याला सगळ्यात शेवटी हात लावायचा, तोही तपासणीची तयारी असेल तरच.

पायरी १: वेळ जातो कुठे ते लिहून काढा

साध्या कार्टेशियन टूडी स्कॅनचा हिशोब सोपा आहे: स्कॅनचा वेळ म्हणजे टीआर (एका पल्सपासून पुढच्या फेरीच्या पल्सपर्यंतचा वेळ) गुणिले फेज एन्कोडिंगच्या ओळी (दर टीआरला एक मोजली जाते) गुणिले ॲव्हरेज (तेच मोजमाप किती वेळा). आपल्या गुडघ्यासाठी आकडे घेऊ. फील्ड ऑफ व्ह्यू १४० मिलिमीटर आणि फेजच्या ३२० ओळी, म्हणजे पिक्सेल साधारण ०.४४ मिलिमीटरचा. टीआर १५०० मिलिसेकंद, ॲव्हरेज एक. ३२० गुणिले १.५, म्हणजे ४८० सेकंद: आठ मिनिटं.

आठ इको टाइमसाठी आठ वेगळे स्पिन-इको स्कॅन केले तर ६४ मिनिटं. सिंगल-इको ही पद्धत आजही टी२ मोजण्याचा मापदंड मानली जाते, पण ती फँटमवर (पेशंटऐवजी तपासणीसाठी ठेवलेल्या बाटल्यांवर) वापरायची. तासभर गुडघा न हलवता पडून राहणारा पेशंट भेटला तर त्याला नमस्कार करा.

आता कन्सोलवरच्या प्रोटोकॉलमध्ये लपलेला खर्च शोधा. दोन जागा हमखास सापडतात.

पहिली, फेज ओव्हरसॅम्पलिंग. सॅजिटल गुडघ्यात फेजची दिशा बहुतेक वेळा डोकं-पाय अशी ठेवतात, कारण पुढून-मागे ठेवली तर पॉप्लिटिअल (गुडघ्यामागच्या) धमनीच्या ठोक्यांच्या सावल्या थेट कार्टिलेजवर येतात. पण डोकं-पाय दिशेत पाय फील्डच्या बाहेरही असतोच, आणि त्याची घडी इमेजमध्ये पडू नये म्हणून ओव्हरसॅम्पलिंग लावतात. ५० टक्के ओव्हरसॅम्पलिंग म्हणजे दीडपट ओळी. आठाची बारा मिनिटं होतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कॉइलची पोहोच कुठे संपते ते बघून हा टक्का खाली आणा. सॅच्युरेशन बँडनेही काही भाग झाकता येतो.

दुसरी, स्लाइसची संख्या. आठ मिनिटांच्या मल्टि-इको स्कॅनमध्ये (पायरी ३) एकाच टीआरमध्ये आठही इको निघतात: आठ इकोंची रांग, इको दहा-दहा मिलिसेकंदांवर, म्हणजे ८० मिलिसेकंद. वर थोडा इतर वेळ धरून एका स्लाइसला ९० धरू. १५०० मिलिसेकंदांच्या टीआरमध्ये अशा १६ स्लाइस बसतात आणि त्यांचा वेगळा वेळ लागत नाही. तुम्ही २४ मागितल्या की मशीन एक तर टीआर २१६० वर नेतं किंवा स्लाइसचे दोन गट पाडून स्कॅन दुप्पट लांबवतं. टीआर वाढला तर तोच स्कॅन साडेअकरा मिनिटांचा होतो. स्क्रीनवर फक्त वेळेचा आकडा बदलतो, कारण कुणी सांगत नाही.

पायरी २: आकडा न हलवता जे कापता येतं ते कापा

इथे बरंच काही फुकट मिळतं, तरी नवीन माणूस ही पायरी ओलांडून थेट एआयकडे धावतो.

स्लाइस किती हव्यात ते प्रश्नावरून ठरवा. तुम्हाला फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) दोन्ही कंडाइलचा (खालच्या गोल टोकांचा) मधला, वजन पेलणारा भाग हवा असेल तर पूर्ण गुडघा व्यापायची गरज नाही. पूर्ण हवाच असेल तर इको कमी करा. इथे नीट लक्ष द्या: मल्टि-इको स्कॅनमध्ये आठाचे पाच इको केल्याने वेळ थेट कमी होत नाही, कारण वेळ टीआर आणि ओळींवर ठरतो. पण रांग ८० वरून ५० मिलिसेकंदांवर येते, एका स्लाइसला ६० पुरतात आणि त्याच १५०० मध्ये २५ स्लाइस मावतात.

इको कमी केल्याने मोजमाप किती ढिलं होतं? दोनच इको घ्यायचे झाले तर त्यांच्यातलं अंतर टी२ च्या साधारण १.१ पट असताना आकडा सर्वांत नेमका मिळतो, हे एक्स्पोनेन्शियलच्या गणितातूनच निघतं. कार्टिलेजचा टी२ साधारण ४० मिलिसेकंद धरला तर हे अंतर ४४ येतं. म्हणजे १० ते ५० ही रांग वाईट नाही. मात्र त्याच मॅपमध्ये ८०-१०० मिलिसेकंदांचा टिश्यूही नीट मोजायचा असेल तर ती तोकडी पडेल. सगळ्या टिश्यूंना एकच रांग चांगली, असं होत नाही.

टीआर कमी करावा का? टी२ मॅपमध्ये टीआरमुळे होणारा टी१चा (पल्सनंतर मॅग्नेटायझेशन सावरायला लागणाऱ्या वेळेचा) परिणाम सगळ्या इकोंवर सारखाच पडतो, त्यामुळे वक्ररेषेची उंची बदलते, उतार जवळपास तसाच राहतो. आकडा फारसा हलत नाही, सिग्नल मात्र कमी होतो. टी१ मॅपमध्ये ही सूट नाही.

रेझोल्यूशनला हात लावताना थांबा. ३२० च्या २०० ओळी केल्या की पाच मिनिटांत स्कॅन उरकतो, पण पिक्सेल ०.७ मिलिमीटरचा होतो. कार्टिलेजची जाडी दोन-तीन मिलिमीटर, त्यात त्याच्या वरच्या आणि खालच्या थराचा टी२ वेगळा, आणि अगदी लागून सांध्यातलं पाणी, ज्याचा टी२ कितीतरी जास्त. कडेच्या पिक्सेलमध्ये पाणी मिसळलं की टी२ फुगतो. इथे नॉइज वाढत नाही, उलट मॅप गुळगुळीत दिसतो. मी तरी कार्टिलेजसाठी रेझोल्यूशन शेवटीच सोडेन. यकृत किंवा मांडीच्या स्नायूसाठी ते आधी सोडायला हरकत नाही.

एक साधी युक्ती. चालून आलेल्या माणसाच्या कार्टिलेजवर भार पडलेला असतो आणि त्याने टी२ बदलतो, म्हणून आधी पेशंटला काही वेळ विश्रांती देतात. टी२ मॅप प्रोटोकॉलच्या शेवटी ठेवा. बाकीचे स्कॅन होईपर्यंत विश्रांतीही होऊन जाते. गुडघ्याभोवती फोमच्या पॅड नीट बसवा. हलल्यामुळे पुन्हा करावा लागलेला स्कॅन कुठल्याही तंत्रापेक्षा जास्त वेळ खातो.

पायरी ३: एका टीआरमध्ये जास्त काढा

मल्टि-इकोची कल्पना जुनी आहे. कार आणि पर्सेल यांनी १९५४ मध्ये एकामागून एक रिफोकसिंग (विस्कटलेला सिग्नल पुन्हा जुळवणाऱ्या) पल्स देऊन इकोंची रांग काढली आणि १९५८ मध्ये मायबूम आणि गिल यांनी तिच्यात पल्सच्या फेजची दुरुस्ती केली. सीपीएमजी हे नाव या चौघांच्या आद्याक्षरांचं. ६४ मिनिटांचं काम आठ मिनिटांवर येतं ते याच रांगेमुळे. शिवाय सगळे इको एकाच श्वासाच्या, एकाच हालचालीच्या संदर्भातले असतात, त्यामुळे इमेज एकमेकींवर जुळवायची कटकट नाही.

पण आकडा सरकण्याची पहिली जागाही हीच. रिफोकसिंग पल्स १८० अंशांची म्हणतो, ती प्रत्यक्षात तशी नसते. स्लाइसच्या कडांवर ती कमी पडते आणि मोठ्या शरीरभागात आरएफ (पल्सच्या रेडिओ लहरी) सगळीकडे सारखं पोहोचत नाही. पल्स कमी पडली की थोडं मॅग्नेटायझेशन लांबीच्या दिशेला साठून राहतं, तिथे ते टी१च्या संथ गतीने झिजतं आणि पुढच्या पल्सला परत सिग्नल म्हणून अवतरतं. याला स्टिम्युलेटेड इको म्हणतात. पहिल्या इकोत त्याची भेसळ नसते, दुसऱ्यापासून सुरू होते. नुसती एक्स्पोनेन्शियल रेषा बसवलीत तर टी२ खऱ्यापेक्षा जास्त येतो.

ओळखायचं कसं? एका पिक्सेलचे आठही आकडे काढून बघा. दुसरा इको पहिल्यापेक्षा उंच किंवा जवळपास त्याच उंचीवर दिसला, तर भेसळ आहे. घसरणाऱ्या वक्रात असा उंचवटा येऊच शकत नाही.

उपाय तीन. पहिला इको वगळून रेषा बसवायची: सोपं आहे, पण अर्धवट. रिफोकसिंगची स्लाइस एक्सायटेशनच्या स्लाइसपेक्षा जाड ठेवायची: चांगलं, पण शेजारच्या स्लाइसमध्ये अंतर सोडावं लागतं. तिसरा म्हणजे एक्स्टेंडेड फेज ग्राफने (पल्सच्या रांगेत मॅग्नेटायझेशन कसं वागतं ते मोजणाऱ्या गणिताने) प्रत्येक टी२ आणि प्रत्येक फ्लिप अँगलसाठी (पल्स मॅग्नेटायझेशन किती अंश वळवते त्यासाठी) रांग कशी दिसेल ते आधीच मोजून कोश बनवायचा आणि मोजलेल्या रांगेशी जुळणारी नोंद शोधायची. मी नव्यांनाही तिसराच सुचवतो. लॅपटॉपवर होतो, आणि तो करताना पल्स सिक्वेन्स खऱ्या अर्थाने कळतो.

शेवटच्या इकोंकडेही बघा. मॅग्निट्यूड इमेजमध्ये सिग्नल शून्य असला तरी आकडा शून्य येत नाही. एका चॅनलच्या कॉइलला तो नॉइजच्या सिग्माच्या (प्रमाण विचलनाच्या) साधारण १.२५ पट असतो. वक्र खाली येऊन या तळावर टेकला की रेषा त्याला संथ घसरण समजते आणि टी२ पुन्हा फुगतो. पुढच्या पायरीत सिग्नल कमी होणार आहे, म्हणून हे आत्ताच ध्यानात ठेवा.

पायरी ४: ओळी गाळा

के-स्पेसच्या (इमेज बनण्याआधीच्या कच्च्या डेटाच्या) सगळ्या ओळी न घेता काही गाळायच्या आणि कॉइलच्या वेगवेगळ्या चॅनलना मिळणाऱ्या माहितीतून त्या भरून काढायच्या, हे पॅरलल इमेजिंग. १९९७ मध्ये स्मॅश, १९९९ मध्ये सेन्स, २००२ मध्ये ग्रापा. तुमच्या मशीनवर यातलं काहीतरी, कंपनीने दिलेल्या दुसऱ्या नावाने, नक्की आहे.

ग्रापाने एकाआड एक ओळ गाळली तर ३२० च्या १६० उरतात. मधल्या भागात कॅलिब्रेशनसाठी २४ ओळी सलग लागतात. त्यातल्या १२ आधीच घेतल्यात, १२ नव्याने. एकूण १७२ ओळी, २५८ सेकंद, म्हणजे चार मिनिटं १८ सेकंद. तीनपट गाळलं तर सुमारे १२३ ओळी, तीन मिनिटांच्या किंचित वर. दुपटीवरून तिपटीवर जाताना वाचतं ते सव्वा मिनिट.

किंमत? सिग्नल-टू-नॉइज कमी होतो तो ओळींच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, आणि वर जी-फॅक्टरचा (ओळी भरून काढताना वाढणाऱ्या नॉइजचा) भुर्दंड. १७२ भागिले ३२०, वर्गमूळ ०.७३, म्हणजे जी-फॅक्टर न धरताही २७ टक्के घट. जी-फॅक्टर सगळीकडे सारखा नसतो. तो कॉइलच्या चॅनलच्या मांडणीवर ठरतो आणि बहुधा इमेजच्या मध्यात जास्त असतो. ओळी ज्या दिशेत गाळताय त्या दिशेत कॉइलचे चॅनल रांगेने असायला हवेत, नाहीतर मशीन गाळू देईल पण इमेज भरून निघणार नाही. चांगल्या गुडघा-कॉइलवर दुप्पट बिनघोर वापरा. तिपटीसाठी आधी फँटमवर नॉइजचा मॅप काढून बघा. सव्वा मिनिटासाठी तो धोका पत्करायचा की नाही, ते पेशंट किती शांत पडून राहतो यावरून ठरवा.

पार्शल फूरिएनेही (के-स्पेसच्या एका बाजूच्या काही ओळी सोडून देण्यानेही) ओळी वाचतात: सहा-अष्टमांश घेतलं तर ३२० च्या २४०. ग्रापासोबत जोडता येतं, पण फेज पटकन बदलणाऱ्या जागी कडा थोड्या पुसट होतात. कार्टिलेजच्या कडा हाच आपला विषय, म्हणून मी गुडघ्यात टाळतो.

टी१ हवा असेल तर

टी१चा हिशोब जास्त कडक आहे. इन्व्हर्जन रिकव्हरीत (मॅग्नेटायझेशन उलटं करून ते सावरताना मोजण्यात) दर वेळी मॅग्नेटायझेशन पूर्ण सावरू द्यायचं म्हणजे टीआर टी१च्या पाचपट. पाच सेकंद टीआर, १९२ ओळी, सहा इन्व्हर्जन टाइम: एका स्लाइसला ९६ मिनिटं. इथे ओळी गाळून भागत नाही, पद्धतच बदलावी लागते.

एक रस्ता लुक-लॉकर. १९७० मध्ये लुक आणि लॉकर या दोघांनी एका इन्व्हर्जननंतर छोट्या पल्सनी पुन्हापुन्हा सिग्नल वाचायची कल्पना मांडली. हृदयाची मॉली पद्धत २००४ ची. तिची मूळ मांडणी १७ ठोक्यांत, एका श्वासात बसते. पण प्रत्येक वाचनाने सावरणं थोडं ढकललं जातं, म्हणून मिळतो तो खोटा, लहान टी१. वक्र अ वजा ब गुणिले एक्स्पोनेन्शियल असा धरला, तर खरा टी१ म्हणजे खोटा टी१ गुणिले (ब भागिले अ, वजा एक). ही दुरुस्ती करूनही मॉलीचा टी१ खऱ्यापेक्षा थोडा कमीच येतो, म्हणून प्रत्येक सेंटर आपल्या मशीनवरची नॉर्मल मर्यादा स्वतः ठरवतं.

दुसरा रस्ता व्हेरिएबल फ्लिप अँगल. थ्रीडी ग्रेडिएंट इको, टीआर पाच मिलिसेकंद, १६० गुणिले १६० ओळी: १२८ सेकंद. दोन अँगल, सव्वाचार मिनिटांत पूर्ण मेंदू. ९०० मिलिसेकंद टी१साठी अर्न्स्ट अँगल (सर्वांत जास्त सिग्नल देणारा) सहा अंश. चांगले दोन अँगल म्हणजे ज्यांचा सिग्नल अर्न्स्टच्या ७१ टक्के असतो ते, साधारण अडीच आणि साडेचौदा अंश. मोहात पाडणारी पद्धत आहे. पण टी१ची चूक फ्लिप अँगलच्या वर्गाने वाढते: प्रत्यक्षात अँगल दहा टक्के कमी पडला तर ९०० चा टी१ ७२९ दिसतो. मॅप मात्र सुंदर, एकही खोट दिसणार नाही. ३ टेस्लावर बी१ मॅप (प्रत्यक्षात पोहोचलेला फ्लिप अँगल दाखवणारा) घेतल्याशिवाय ही पद्धत वापरू नका. त्याला लागणारी एक-दोन मिनिटं वेळेच्या हिशोबात आधीच धरा.

पायरी ५: गणिताकडून काम करून घ्या

२००७ मध्ये लस्टिग, डोनोहो आणि पॉली यांनी एमआरआयसाठी कॉम्प्रेस्ड सेन्सिंग मांडलं. ओळी ठराविक अंतराने न गाळता विस्कळीत गाळल्या तर चुका नॉइजसारख्या पसरतात, आणि इमेज विरळ रूपात मांडता येते या आधारावर त्या गाळून टाकता येतात. मॅपिंगमध्ये याला एक खास जोड मिळते: इकोची दिशा. ५ ते १५० मिलिसेकंद टी२चे सगळे वक्र संगणकात बनवा, त्यांचं सिंग्युलर व्हॅल्यू डिकम्पोझिशन (मुख्य घटक वेगळे काढणं) करा; तीन-चार घटकांत जवळजवळ सगळं मावतं. मग आठ इमेज शोधण्याऐवजी तीन-चार गुणकांच्या इमेज शोधायच्या. दर इकोला वेगळ्या ओळी गाळल्या असतील तर हे फार छान चालतं. अडचण अशी की कंपनीचा तयार सिक्वेन्स एका टीआरमधल्या सगळ्या इकोंना तीच ओळ देतो, तेव्हा सिक्वेन्स बदलता येणाऱ्या लॅबशी हातमिळवणी लागते. सरावाला बर्कलीचं बार्ट आणि माँट्रियालचं क्यूएमआरलॅब ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात.

सरावाची रीत: पूर्ण ओळींचा रॉ डेटा घ्या, संगणकात ओळी गाळा, मॅप काढा आणि मूळ मॅपशी ताडून बघा. डायकॉम (मशीनने तयार करून साठवलेल्या) इमेजचं उलटं फूरिए करून तो रॉ डेटा समजू नका. त्या इमेजवर मशीनने आधीच शून्यं भरलेली असतात, फिल्टर लावलेले असतात, कॉइल एकत्र केलेली असतात. त्यावर कुठलीही पद्धत उत्तम चालल्यासारखी दिसते आणि खऱ्या स्कॅनवर तोंडघशी पडते.

फिंगरप्रिंटिंग हे याचंच पुढचं टोक. क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या गटाने २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये ते मांडलं: फ्लिप अँगल आणि टीआर मुद्दाम सतत बदलत ठेवायचे, दर वेळी स्पायरलचा छोटासा हिस्साच वाचायचा आणि प्रत्येक पिक्सेलचा हजार बिंदूंचा आलेख कोशाशी जुळवायचा. एका स्लाइसचे टी१, टी२ दोन्ही १२.३ सेकंदांत. नवशिक्याने यापासून सुरुवात करू नये, असं माझं मत. कोशात जे नाही ते उत्तरात येऊ शकत नाही, आणि कोशात काय घालायचं राहिलं हे कळायला आधीच्या पायऱ्या हाताखालून गेलेल्या लागतात.

डीप लर्निंगबद्दल थोडक्यात. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुकच्या एआय विभागाने २०१८ मध्ये गुडघ्याचा रॉ डेटा खुला केला, त्यावर असंख्य नेटवर्क शिकली. पण तो डेटा साध्या इमेजचा आहे. इमेज छान दिसावी म्हणून शिकलेलं नेटवर्क पहिल्या आणि आठव्या इकोमधलं प्रमाण जपेलच असं नाही, आणि टी२ म्हणजे तर तेच प्रमाण.

पायरी ६: फँटमवर तपासा, मगच पेशंटवर

ज्यांच्याकडे आयएसएमआरएम-एनआयएसटीचा (एमआरआयची आंतरराष्ट्रीय संस्था आणि अमेरिकेची मापन संस्था यांचा) सिस्टिम फँटम आहे त्यांचं काम सोपं: टी१साठी निकेल क्लोराइडचे आणि टी२साठी मँगनीज क्लोराइडचे चौदा-चौदा गोळे, किंमती ठाऊक. नसेल तर अगार आणि निकेल किंवा मँगनीज क्लोराइडच्या बाटल्या लॅबमध्ये बनवता येतात. २० ते १०० मिलिसेकंदांच्या पट्ट्यात चार-पाच बाटल्या ठेवा. आदल्या रात्रीच स्कॅनर रूममध्ये नेऊन ठेवा, कारण तापमान बदललं की टी१-टी२ बदलतात. स्कॅनच्या आधी आणि नंतर तापमान लिहून ठेवा.

मग ६४ मिनिटांचा सिंगल-इको स्कॅन एकदाच करा. तो तुमचा मापदंड. त्याच बैठकीत आठ मिनिटांचा मल्टि-इको आणि चार मिनिटांचा ग्रापा. तीन रकाने, पाच ओळी, एवढा तक्ता पुरतो. मल्टि-इको सगळीकडे सारखाच जास्त येत असेल तर स्टिम्युलेटेड इको. फक्त लहान टी२च्या बाटल्यांत जास्त येत असेल तर नॉइजचा तळ. ग्रापाचा सरासरी आकडा मल्टि-इकोसारखाच पण पसारा मोठा, असं असेल तर चिंता नाही. अपेक्षित तेच झालं.

शेवटी दोन-तीन स्वयंसेवकांना टेबलावरून उठवून पुन्हा झोपवून स्कॅन करा. गुडघा पुन्हा ठेवताना कोन बदलला तर कोलॅजनच्या धाग्यांचा चुंबकीय क्षेत्राशी असलेला कोन बदलतो आणि साधारण ५५ अंशांच्या आसपास टी२ आपोआप वाढतो. फँटम हे कधीच दाखवणार नाही. दोन स्कॅनमधला हा फरक तुम्ही शोधत असलेल्या आजाराच्या फरकापेक्षा लहान असला की चार मिनिटांचा प्रोटोकॉल लॉक करा. त्याला नाव आणि तारीख द्या, आणि जुना आठ मिनिटांचा प्रोटोकॉल मशीनवरून काढू नका. ज्या पेशंटचा पहिला स्कॅन जुन्या प्रोटोकॉलवर झालाय, त्याचा फॉलो-अपही त्याच प्रोटोकॉलवर व्हायला हवा.